व्हेसल एन्ट्रीच्या परमिटवर सही कुठे व्हावी: टेबलावर की मॅनहोलपाशी?

घाटमाथा

सर्वांना नमस्कार. कोकणातील एका रासायनिक औद्योगिक वसाहतीत मी देखभाल विभागात नोकरी करतो. बंदिस्त जागेत उतरण्याची (व्हेसल एन्ट्रीची) परमिटे देण्याची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. रिअॅक्टर, सॉल्व्हंटच्या टाक्या, ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) कलेक्शन टाकी, स्क्रबरचा (वायू धुणाऱ्या यंत्राचा) तळ, यांपैकी कुठेही माणूस उतरणार असेल तर कागदावरची शेवटची सही माझी असते. पूर्वापार पद्धत अशी की सुपरवायझर सकाळी दिवसभराच्या परमिटांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवतो. ऑक्सिजन २०.९ टक्के, ज्वलनशील वायू शून्य, विषारी वायू शून्य, हे रकाने आधीच भरलेले असतात आणि सही झाली की मंडळी कामाला लागतात. टाकी कोणतीही असो, आकडे तेच.

जागेवर जाऊन मीटर स्वतः पाहिल्याशिवाय सही करायची नाही, असे मी ठरवले. त्यावर उत्पादन विभागाची तक्रार आहे की माझ्यामुळे कामे दुपारपर्यंत खोळंबतात. आपापल्या कारखान्यांत हे कसे चालते? आणि परमिटामुळे अपघात खरोखर टळतो, की अपघातानंतर चौकशीत दाखवायला एक कागद मिळतो, एवढाच त्याचा उपयोग आहे?

हिरवीटोपी

सही मॅनहोलपाशीच व्हायला हवी. मात्र गॅसचे वाचन ही परमिटमधली शेवटची पायरी आहे आणि बहुतेक ठिकाणी सगळी चर्चा तिथूनच सुरू होते. त्याआधीचा प्रश्न असा, की टाकीला येऊन मिळणाऱ्या नळ्या खरोखर तोडलेल्या आहेत का. नुसता व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे नळी तोडणे नव्हे. फ्लॅन्जमध्ये, म्हणजे नळीच्या सांध्यात, ब्लाइंड (वाट बंद करणारी चकती) टाकावी किंवा मधला नळीचा तुकडा काढून उघडे टोक झाकावे. नायट्रोजनच्या नळीबाबत तर मी कोणतीही सवलत देत नाही. अॅजिटेटरचा (आतला माल ढवळणाऱ्या यंत्राचा) फ्यूज काढून पॅनेलला कुलूप लावावे, त्याची किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात असावी, आणि कुलूप लावल्यानंतर स्टार्टचे बटण दाबून यंत्र सुरू होत नाही याची सर्वांदेखत खात्री करावी. या बटण दाबण्याला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी सर्वाधिक वेळा तेच राहून जाते.

वाचन वर, मध्ये आणि तळाशी असे तीन पातळ्यांवर घ्यावे, कारण हायड्रोजन सल्फाइड आणि बहुतेक सॉल्व्हंटच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात, तर मिथेन वर साठतो. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून २०.९ वाचणे म्हणजे आपण स्वतः ज्या हवेत उभे आहोत तिचेच वाचन घेणे.

मिश्किलराव

आमच्याकडे पूर्वी २०.९ हा आकडा रबरी शिक्क्यावरच कोरून घेतला होता, त्यामुळे वाचनात कधीही चूक झाली नाही.

जुनाफिटर

हिरवीटोपी यांच्या व्हॉल्व्हच्या मुद्द्यास पूर्ण दुजोरा. ज्याने तीस-पस्तीस वर्षे व्हॉल्व्ह उघडले आहेत, त्याला विचारा की किती व्हॉल्व्ह 'पास' होत नाहीत, म्हणजे बंद करूनही आतून गळत नाहीत. व्हॉल्व्हच्या सीटवर एक कण अडकला तरी चाक पूर्ण आवळलेले दिसते आणि आतून माल चालूच राहतो. ब्लाइंड टाकायला दोन फिटर आणि तासभर लागतो, शिवाय काम झाल्यावर ती आठवणीने काढावी लागते. म्हणून ब्लाइंडला लांब दांडी असावी, ती रंगवलेली असावी आणि किती टाकल्या व किती काढल्या याचा हिशेब फळ्यावर असावा. विसरलेली ब्लाइंड पुढच्या बॅचला वेगळाच घोटाळा करते.

नाडीपरीक्षा

मी कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. आत त्रास वाटला तर माणूस लगेच बाहेर येईल, हा समज इंजिनिअर मंडळींमध्येही आढळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. श्वास कोंडल्याची जी भावना आपल्याला होते, ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. ऑक्सिजन कमी झाल्याची तशी ठळक सूचना शरीर देत नाही. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस नेहमीसारखा श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, त्यामुळे त्याला काहीच वावगे वाटत नाही. ऑक्सिजन ५-६ टक्क्यांच्या खाली असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, शिडी चढण्याइतका अवधी मिळतच नाही.

हायड्रोजन सल्फाइडचे उलटे आहे. कुजक्या अंड्यांचा वास १ पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कमी प्रमाणातही येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदना बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजून उतरलेली माणसे पुन्हा वर आलेली नाहीत. यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे पहिला पडलेला पाहून दुसरा धावतो आणि त्याच्यामागे तिसरा. अमेरिकेतील निऑश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. म्हणून माझ्या मते परमिटवरचा सर्वांत महत्त्वाचा रकाना सुटकेचा आहे. ट्रायपॉड (माणूस वर ओढण्याची तिपाई) मॅनहोलवर उभा आहे का, हार्नेसची (अंगावरच्या पट्ट्याची) दोरी त्याला जोडलेली आहे का, आणि आत न उतरता माणसाला वर ओढता येईल का, हे आधी पाहावे.

उत्पादनवाला

सर्वांचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे बल्ब बदलायलाही परमिट लागते आणि शिडी हलवायलाही. दिवसाला इतके कागद निघतात की माणूस एकही वाचत नाही. ज्या व्यवस्थेत सगळेच धोकादायक मानले जाते, तिथे खरा धोका वेगळा दिसेनासा होतो. घाटमाथा यांनी आधी निम्मी परमिटे रद्द करावीत आणि उरलेल्यांपाशी जाऊन उभे राहावे. उत्पादन विभाग खलनायक नाही. सकाळी आठला मागितलेली टाकी चारला मिळाली तर त्याचा जाब आम्हालाच द्यावा लागतो.

वाळवंटकर

उत्पादनवाला यांचा कागदांच्या पसाऱ्याबद्दलचा आक्षेप मला योग्य वाटतो, पण परमिट विस्कळीत झाले की काय होते याचे उदाहरण उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटाचे आहे. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी आंधळी फ्लॅन्ज लावलेली होती. त्या कामाचा कागद होता, परंतु रात्रपाळीला तो पंप चालू करणाऱ्यांपर्यंत ती माहिती पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला आणि त्या रात्रीत १६७ माणसे गेली. परमिट लिहिलेले होते, सही झालेली होती, फक्त पाळी बदलताना ते बोलले गेले नाही.

मी आखातात शटडाउनच्या कामांवर असतो. इथे मॅनहोलपाशी बसणाऱ्याला होल वॉच म्हणतात. त्याला स्वतंत्र प्रशिक्षण असते, वेगळ्या रंगाचे जॅकेट असते आणि आत कोण, किती वाजता गेला, याची नोंद एवढेच त्याचे काम असते. पाना आणून दे, चहा आण, असे त्याला कोणी सांगितले तर सांगणाऱ्याचा पास जातो. इथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. पण ही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे.

बारमाही ठेकेदार

आता ज्याची माणसे प्रत्यक्ष आत उतरतात त्याचेही ऐका. टाकी साफ करण्याचा दर आम्हाला ठोक मिळतो, टाकीमागे इतके. सकाळी आठला चार माणसे गेटवर हजर असतात. परमिट अकराला मिळाले तर तीन तासांची मजुरी माझ्या खिशातून जाते. बाहेर बसणारा माणूस हा कंपनीच्या लेखी 'बसलेला' माणूस, त्याचे पैसे कोणत्याही निविदेत नसतात, मग ठेकेदार त्यालाच बादली ओढायला लावतो. ट्रायपॉडचे भाडे, एअरलाइन मास्क (बाहेरून नळीने हवा पुरवणारा), हे सगळे 'ठेकेदाराच्या कक्षेत' असे एका ओळीत लिहिलेले असते आणि दर मात्र सर्वांत कमी भरणाऱ्याला जातो. सुरक्षेचे भाषण आम्हाला दर सोमवारी ऐकवले जाते. थांबण्याचे पैसे कोण देणार हे त्या भाषणात कधी नसते.

घाटमाथा

ठेकेदारभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून आमची शेवटची वर्क ऑर्डर काढून पाहिली. बाहेरच्या माणसाचा उल्लेख नाही आणि प्रतीक्षेच्या वेळेचाही नाही. माझ्या सहीसाठी होणाऱ्या विलंबाचा भुर्दंड थेट तुमच्यासारख्यांवर पडतो, हे या निमित्ताने कळले.

कलमबहाद्दर

मूळ प्रश्नाचे कायदेशीर उत्तर कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्येच दिलेले आहे. घातक वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत माणसाला उतरू द्यायचे असेल तर दोनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे लेखी प्रमाणपत्र दिलेले असावे. किंवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावलेला असावा, पट्ट्याला दोरी घट्ट बांधलेली असावी आणि त्या दोरीचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. 'स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे' हे शब्द पुन्हा वाचावेत. टेबलावर बसून दुसऱ्याने भरलेल्या आकड्यांवर केलेली सही या कसोटीला उतरत नाही, आणि बाहेरचा माणूस ही आखाती चैन नसून ती आपल्याच कायद्यातील दुसरी अट आहे. कलम ३६-अ नुसार अशा जागेत, पुरेशी सुरक्षासाधने नसतील तर, २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेता येत नाही. कितीजण २३० व्होल्टचा हॅलोजन आत सोडतात हे ज्याचे त्याने आठवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली आहे, त्यामुळे कारखान्याच्या परमिटवर जुने कलम छापलेले असेल तर तेवढा मजकूर सुधारून घ्यावा.

संघटक

कायद्याचा विषय निघाला आहे तर भोपाळनंतर १९८७ मध्ये झालेली दुरुस्ती विसरता कामा नये. तिने कामगाराला येऊ घातलेल्या धोक्याची सूचना व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही देण्याचा हक्क दिला, आणि सुरक्षा समितीत कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान ठेवले. हक्क कागदावर चांगला आहे. ओडिशा किंवा झारखंडातून आलेला ठेकेदारी हेल्पर, ज्याचा गेटपास महिन्याने संपतो, तो निरीक्षकाला सूचना कशी देणार? परमिट इंग्रजीत, सुरक्षा समितीत कायम कामगार आणि टाकीत उतरतो तो तिसराच. अपघात झाला की अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' ही ओळ मात्र हमखास असते.

उत्पादनवाला

संघटक, निष्काळजीपणा कधीच नसतो असे म्हणणेही बरोबर नाही. हार्नेस काढून ठेवलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

जुनाफिटर

मीही पाहिली आहेत. अठरा इंची मॅनहोलमधून पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस जात नाही, म्हणून तो काढून ठेवतो. तिथे एअरलाइन मास्क द्यायला हवा होता. साधन निवडणाऱ्याने मॅनहोलचे माप घेतले होते का, हा प्रश्न आधी विचारावा.

कृष्णाकाठ

थोडे अवांतर वाटेल, पण सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. तोंड काही तास मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर अजून थांबायचे. आमच्या भागात हे सांगायला सेफ्टी ऑफिसर लागत नसे, कारण पेवात गुदमरून माणसे गेल्याच्या गोष्टी घरोघरी माहीत होत्या. थांबायचे हा भाग त्या कामातच धरलेला होता.

हिरवीटोपी

कृष्णाकाठ, उदाहरण उत्तम आहे, परंतु कोणी वाचून टोल्युइनच्या टाकीत कंदील सोडू नये म्हणून लगेच लिहितो. हळदीच्या पेवात ज्वलनशील वायूचा प्रश्न नव्हता. रासायनिक कारखान्यात ज्योत विझण्याऐवजी टाकीच उडेल.

मिश्किलराव

आणि मग परमिटवर 'ज्वलनशील वायू : होता' असे प्रामाणिकपणे लिहिता येईल.

प्रयोगशाळाताई

मीटरवर सगळ्यांचा फार विश्वास दिसतो, म्हणून त्याच्या मर्यादा सांगते. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आतल्या आत तो वायू जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. टाकीत नायट्रोजन असेल तर सॉल्व्हंटच्या वाफा भरपूर असूनही त्यावर शून्याजवळचा आकडा दिसू शकतो. त्यासाठीच ऑक्सिजन आधी, ज्वलनशील वायू नंतर आणि विषारी वायू शेवटी असा क्रम ठेवतात. सिलिकॉनच्या वाफांनी हा सेन्सर निकामी होतो आणि निकामी सेन्सरही शून्यच दाखवतो. म्हणून रोज कामाला सुरुवात करण्यापूर्वी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू सोडून तो हलतो का हे पाहावे लागते. वर्षातून एकदा आलेले कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र पुरेसे नसते.

सांडपाण्याच्या टाकीत आणखी एक फसगत असते. उतरण्यापूर्वी वाचन खरोखर शून्य असते. मग माणूस फावडे मारतो, गाळ ढवळला जातो आणि त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. तिथे सकाळच्या वाचनाला अर्थ नाही, मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर लावलेला आणि सतत चालू असलाच पाहिजे.

साखरपट्टा

प्रयोगशाळाताईंनी सांगितले त्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीची भर घालतो. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या टाकीत) कार्बन डायऑक्साइड असतो आणि नेहमीच्या चार वायूंच्या मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नसतो. हवेत तो ५ टक्के मिसळला तरी ऑक्सिजन १९.८ च्या आसपास राहतो, १९.५ चा अलार्म वाजत नाही, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड माणसासाठी धोकादायक आहे. मीटर खरेदी करणाऱ्याने टाकीत काय पिकते हे विचारलेले नसते.

नाडीपरीक्षा

बरोबर. आणि तिथे माणसाला धाप लागते, डोके दुखते, म्हणजे शरीर सूचना देते, पण गोंधळलेल्या अवस्थेत शिडी सापडत नाही.

वाळवंटकर

ठरवून न उतरलेल्या माणसांचाही विचार व्हावा. अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत ५ नोव्हेंबर २००५ रोजी नायट्रोजन सोडलेल्या रिअॅक्टरच्या उघड्या मॅनहोलपाशी काम चालू होते. आत चिकटपट्टीचा एक रोल पडलेला होता. तो काढण्याच्या प्रयत्नात एक ठेकेदारी कामगार आत गेला असावा असा चौकशीचा निष्कर्ष होता, आणि त्याला काढायला शिडी घेऊन उतरलेला फोरमनही गेला. आत उतरण्याचे काम त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हतेच. ज्या मॅनहोलवर परमिट नाही, त्यावर 'आत नायट्रोजन आहे' अशी पाटी आणि जाळी असलीच पाहिजे.

घाटमाथा

सर्वांचे आभार. या चर्चेचा कागद करून मी प्लान्ट हेडसमोर ठेवला आणि काही गोष्टी मान्य झाल्या. उत्पादनवाला यांची सूचना घेऊन किरकोळ कामांची परमिटे एका साध्या नोंदवहीत हलवली, त्यामुळे व्हेसल एन्ट्रीसाठी माझा वेळ मोकळा झाला. आदल्या संध्याकाळी उत्पादन विभाग उद्याच्या टाक्यांची यादी देणार आणि ब्लाइंड टाकण्याचे काम रात्रपाळीचे फिटर करणार, म्हणजे सकाळी फक्त कुलपे, वाचन आणि सही उरते. परमिटाचा फॉर्म मराठी आणि हिंदीत छापायला दिला आहे. वर्क ऑर्डरमध्ये बाहेरच्या माणसाची हजेरी आणि प्रतीक्षेचे तास या दोन वेगळ्या ओळी घालायला खरेदी विभागाने विरोध केला; पहिली ओळ मान्य झाली, दुसरी झालेली नाही. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आम्हाला लागत नाही, पण बंप टेस्टचा (वायू सोडून मीटर तपासण्याचा) सिलिंडर मुदतबाह्य निघाला, तो मागवला आहे.

एक शंका राहिली आहे. सकाळी दिलेले परमिट जेवणाच्या सुट्टीनंतर तसेच चालू ठेवावे का? सुपरवायझरचे म्हणणे आहे की तासाभरात टाकीत काही बदलत नाही.

बारमाही ठेकेदार

दुसरी ओळ मान्य होईपर्यंत मी कोटेशनमध्ये प्रतीक्षेचा तासाचा दर स्वतःच लिहून देणार आहे. माझ्यासारख्या चार-पाच जणांनी एकदम लिहिला तर खरेदी विभागाला तो खोडायला तरी वाचावा लागेल.

हिरवीटोपी

तासाभरात पुष्कळ बदलते. ब्लोअर बंद केलेला असतो, ऊन चढलेले असते, भिंतीवरचा थर सुकताना वाफा सोडतो, आणि तेवढ्यात कोणी शेजारच्या टाकीचा व्हॉल्व्ह हलवतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ टाकी रिकामी राहिली तर पुन्हा तीन पातळ्यांवर वाचन घ्यावे आणि त्याच कागदावर वेळ टाकून नव्याने सही करावी. जेवायला जाताना मॅनहोलवर जाळी लावून परमिट तिथून काढून घ्यावे, म्हणजे परतल्यावर ते मागायला माणूस तुमच्याकडेच येईल. पाळी बदलली की मात्र जुने परमिट बंद करून नवेच काढावे, आणि देणारा-घेणारा दोघांनीही टाकीपाशी उभे राहूनच ते करावे.